न वळलेली मान

मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, चपलांच्या दुकानासमोर, मारिविकच्या आईनं मागं वळून पाहिलं. घडलं ते एवढंच. दुसऱ्या कुणाची आई असती तर सांगण्यासारखं काही नव्हतं. हाक आली की माणसं वळतातच. पण नानाय, म्हणजे तिची आई, वळत नसे. मारिविकनं तिला उभ्या आयुष्यात कधी कुणाच्या हाकेसरशी वळताना पाहिलं नव्हतं. दावाव शहरात ऑगस्टात दरवर्षी येतात तसा म्हाताऱ्या जपान्यांचा एक घोळका सरकत्या जिन्यावरून वर येत होता. डोक्यावर पांढऱ्या कापडी टोप्या, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या, पुढं झेंडा धरलेली पोरगी. मिंतालच्या दफनभूमीत आपल्या युद्धातल्या माणसांसाठी उदबत्त्या लावायच्या आणि परत जाताना मॉलमधून सुकवलेले आंबे घ्यायचे, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. त्यांच्याकडं आता कुणी मान वर करूनही बघत नाही. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं, आपलं माणूस मागं राहिलं म्हणून असेल, खणखणीत हाक मारली, “हारुए!” आणि मारिविकच्या शेजारून चालणारी नानाय जागच्या जागी गर्रकन वळली. नुसती मान नाही, सगळी वळली. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली आणि तिच्या तोंडून एक तुटक, स्वच्छ आवाज निघाला, “हाइ!” त्याच क्षणी पलीकडच्या खेळण्यांच्या दुकानातून काठी टेकत येणाऱ्या एका म्हातारीनंही तसंच म्हटलं, “हाइ.” दोन्ही आवाज मध्येच एकमेकांवर आपटले. म्हातारा गोंधळला, नानायकडं बघून हसला आणि कमरेत वाकला. नानायही वाकू लागली, आणि अर्ध्यातच थांबली. तिच्या हातातली पिशवी सुटून लान्सोनेसची फळं फरशीवर चहूकडं गडगडत गेली होती.

मारिविक गुडघ्यांवर बसून फळं गोळा करत राहिली. ही कोण बाई आपल्याशेजारी उभी आहे, असा एक विचित्र विचार तिच्या मनात येऊन गेला. खालून तिला फक्त नानायचे पाय दिसत होते, अजून जुळलेलेच. “कोण गं हारुए?” तिनं उठता उठता विचारलं.

“कोण?”

“आत्ता तू ओ दिलीस ती.”

“मी कुठं ओ दिली? फळं सांडली म्हणून ओरडले.”

“‘हाइ’ म्हणालीस. चक्क सावधान उभी राहिलीस.”

“म्हातारं माणूस. तोंडातून काय निघेल त्याचा नेम आहे का? तुला त्या चपला घ्यायच्यात की नाही? नसतील घ्यायच्या तर चल, माझे पाय दुखतात.”

चपला राहिल्याच. परतीच्या जीपनीत नानाय नेहमीसारखी ड्रायव्हरच्या पाठीमागं बसली, फळांची पिशवी मांडीवर, नजर समोरच्या माणसाच्या गुडघ्यांवर. कुणी पैसे पुढं सरकवायला दिले की मुकाट्यानं सरकवत होती. मारिविक तिच्या मानेकडं बघत होती. बारीक, सरळ मान, अंबाड्याखाली पांढरे चुकार केस. या मानेला नावं ठेवण्यात सगळ्या घराचा जन्म गेला होता. “बहिरी सून मिळाली मला,” लोला इग्नासिया, म्हणजे मारिविकच्या बापाची, तातायची, आई, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. “हाका मारून मारून घशाची चाळण झाली, पण ही ढिम्म! रेड्याला मारल्या असत्या तर तोही वळला असता.” बांकेरोहानच्या बाजारात नानायचा भाजीचा गाळा होता तेव्हा शेजारच्या बायका नव्या गिऱ्हाइकाला सांगत, सेवेरिनाशी बोलायचं तर पुढ्यात जाऊन उभं राहा, मागून ओरडलात तर संध्याकाळ होईल. लहानपणी मारिविकला याची लाज वाटायची. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर नानाय पाठमोरी उभी असायची, ती ओरडत धावत यायची, आणि नानायच्या खांद्यांवर एक सुरकुतीही हलायची नाही. वळसा घालून पुढं गेल्यावर मात्र ती अशी चेहराभर हसायची की जणू आपण आभाळातून टपकलो. पुढं मारिविक कान तपासायचं शिकली, इस्पितळाच्या त्या काचेच्या आवाजबंद खोलीशेजारी बसून लोकांच्या कानांत बारीक बारीक सूर सोडायची नोकरी तिनं धरली, ती तरी कुणामुळं? पहिल्याच वर्षी तिनं नानायला त्या खोलीत बसवलं होतं. इतर माणसं कपाळाला आठ्या घालून बोट वर करतात. नानाय सूर निघायच्या आधीच बोट वर करते की काय असं वाटण्याइतकी चटकन करत होती. कागदावर उमटलेली रेषा एखाद्या कोवळ्या पोरीची असावी तशी होती.

“नानाय, तुझे कान तर मांजरासारखे आहेत!”

“मग? मी कधी म्हटलं मी बहिरी आहे म्हणून? तुम्हीच म्हणत होता.”

तेव्हा मारिविकनं एवढंच ठरवून टाकलं की आपली आई हट्टी आहे. हट्टी माणसाचं एक बरं असतं, त्याच्याबद्दल आणखी विचार करावा लागत नाही.

पण आता करावा लागत होता. पुढचे दिवस ती कामावर बसली की काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसे, काचेपलीकडच्या पेशंटच्या चेहऱ्यावर चिकटल्यासारखा, आणि ती त्याच्या डोळ्यांच्या कडा, गालांची हाडं परक्यानं बघावीत तशी बघत राही. पेशंट बोट वर करून ताटकळायचे. नानायचा बाप कोण, या प्रश्नाचं उत्तर घरात होतं: लढाईत मेला. लढाईत कितीतरी बाप मेले होते, त्यांच्याबद्दल कुणी खोदून विचारत नसे. आणि नानायची आई बागोबो जमातीची, डोंगरातली, मण्यांच्या माळा घालणारी, हे लोलाला इतकं कमीपणाचं वाटायचं की ती ते कुणापुढं निघू द्यायची नाही. आता मारिविकच्या लक्षात येत होतं की लोलानं जी गोष्ट लाजेनं झाकली, तिच्या खालीच दुसरी एक गोष्ट निवांत झोपली होती. एका पांघरुणाखाली दुसरं पांघरूण. वरचं उचलायचीच सगळ्यांना चोरी, खालचं कोण उचलणार? नानाय आलं ठेचताना एक शब्द नसलेली चाल गुणगुणायची. ती बागोबो चाल आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सगळ्यांनी म्हणजे कुणी? ज्यांनी बागोबो गाणं कधी ऐकलंच नव्हतं त्यांनी.

आणि हे सगळं कुठल्या घरात! लोलाच्या नवऱ्याला, म्हणजे मारिविकच्या आजोबांना, जपानी शिपाई बुनावानहून खंदक खणायला म्हणून घेऊन गेले होते आणि तो नदीतून परत आला होता. लोला हे सांगताना ‘नदीतून परत आला’ असंच म्हणायची. त्याचा अर्थ मारिविकला मोठी झाल्यावर कळला. सर्व मृतांच्या दिवशी थडग्यावर मेणबत्ती लावून झाली की लोला जपान आहे त्या उत्तरेकडं तोंड करून थुंकायची, आणि मुलांनाही थुंकायला लावायची. घरात जपानी कंपनीचा पंखा आणायची सोय नव्हती. एप्रिलच्या उकाड्यात शेजाऱ्यांकडं पंखे गरगरत आणि हे कुटुंब मेलेल्या आजोबांच्या मानापायी पुठ्ठ्यानं वारा घेत बसे. त्या घरात, त्या म्हातारीचं अंग पुसत, तिच्या ताटात मासे निवडून घालत, नानाय तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत राहिली. मारिविकला एकदम भीती वाटली. आईबद्दल नाही. एवढा मोठा काळ एवढ्या बारीक मानेवर तोलून धरता येतो, याची.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर स्वयंपाकघरात दोघी शेवग्याचा पाला ओरबाडायला बसल्या. मधे पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर हिरव्या टिकल्यांचा ढीग. बाहेर कुणाच्या तरी घरात गाण्याच्या यंत्रावर एक पुरुष जीव तोडून बेसूर गात होता.

“ह्याचे कान तपास जरा,” नानाय म्हणाली.

“त्याचे नाही, शेजाऱ्यांचे तपासावे लागतील.” मारिविक हसली, आणि हसतानाच तिच्या तोंडून निघून गेलं, “नानाय, मला सांगून टाक ना. आता कोण राहिलंय घाबरायला? लोला गेली, ताताय गेला. मीच आहे.”

नानायनं हातातली डहाळी संपवली. दुसरी घेतली. देठाकडून शेंड्याकडं बोटं ओढत नेली आणि पाला झरझर खाली पडला. “असंच अबाकाचं असायचं,” ती म्हणाली. “फक्त ते झाड केळीएवढं. त्याची सोपटं सुरीखालून ओढली की मागं पांढरा शुभ्र दोर राहायचा. माझा बाप ओढायचा. अंगावर नुसती लंगोटी, आणि पाठ अशी चकाकायची. मिंतालच्या पुढं आमचं शेत होतं. माएशिरो जिन्तारो. जपानातल्या ओकिनावाचा, लढाईआधी शेती करायला इथं आलेला.” नाव उच्चारून ती थांबली, जिभेवर ठेवलेला पदार्थ बिघडला तर नाही ना हे बघावं तशी. “मी हारुए. माएशिरो हारुए. मिंतालच्या जपानी शाळेत जात होते. हजेरीला नाव आलं की ताठ उभं राहून ‘हाइ’ म्हणायचं. मॉलमध्ये म्हटलं तसं.”

मग ती बोलत गेली. मारिविकनं मधे विचारलं नाही. आईच्या आवाजात काही चढउतार नव्हता. बाजारात आज काय महाग होतं ते सांगावं तसं ती सांगत होती. अमेरिकन विमानं आली तेव्हा सगळे जपानी शेतकरी बायकामुलांसकट तामुगानच्या डोंगरात पळाले. बापानं हारुएला बरोबर नेलं, कारण आई, आयोन तिचं नाव, आपल्या आजारी आईला बघायला बागोबो वस्तीवर गेली होती आणि रस्ते तुटले होते. डोंगरात पाऊस, जळवा, ताप. लोक नेचे उकडून खायचे, पुढं पुढं न उकडताच. वाटेच्या कडेला बसलेली माणसं उठायचीच नाहीत. “आणि एक दिवस माझी आई समोर उभी,” नानाय म्हणाली. “सगळं जग डोंगरातून खाली जायला बघत होतं, आणि ही खालून वर चालत आलेली. तोफा चालू होत्या. पाठीवर रताळी. बापानं विचारलं, कशी आलीस? तर म्हणाली, ‘हा डोंगर माझ्या माणसांचा आहे. तुम्ही लोक त्यात नुसते हरवलात.’” नानाय हे सांगताना किंचित हसली. मारिविकच्या मनात आलं: आपल्या रक्तातली एक बाई पाठीवर रताळी घेऊन तोफांच्या आवाजात वर चढत गेली होती, आणि तिचं नाव आपल्याला आज, पाला निवडताना कळतंय.

लढाई संपल्यावर ते खाली आले. दालियावला तारेच्या कुंपणात छावणी होती. तिथं बातमी पसरली की जपान्यांना जहाजात घालून पाठवणार, आणि जपान्याचं मूल असेल ते जपान्याबरोबर जाणार. आयोननं बापाला सांगितलं, पोरगी मी देणार नाही. ती कुंपणाबाहेर रोज येऊन बसायची. तारेच्या दोन बाजूंनी दोघांनी ठरवलं. पोरीला सेवेरिना म्हणायचं, आयोनच्या आधीच्या बागोबो नवऱ्याची म्हणायचं, तो मेला म्हणायचं. आईच्या वस्तीतल्या पोरांत ती कशीबशी मिसळून जाईल. रंग आईचा होता, केस आईसारखे कापले, बागोबो बोली येतच होती. अडचण एकच होती. “मला माझं नाव येत होतं,” नानाय म्हणाली. “कुणी हारुए म्हटलं की मी वळायची. कुणीही वळेल. मग बापानं मला खेळ शिकवला.”

“कसला खेळ?”

“न वळायचा. मी खेळत असले, खात असले की हा मागून यायचा आणि हाक मारायचा. वळले की मान हलवायचा, बस्. रागवायचा नाही. पहिल्यांदा मला हसू यायचं. मग तो वेगवेगळ्या हाका मारायला लागला. लाडानं. चिडून. पडलो बघ, असं विव्हळून. एकदा मी वळले तेव्हा त्यानं माझ्या थोबाडीत मारली. आधी कधी मारलं नव्हतं. मग स्वतःच तोंड फिरवून बराच वेळ बसला. मी त्याच्या मागं जाऊन उभी राहिले आणि हाक मारली, ‘ओतोसान,’ बाबा. तो वळला नाही. मला वाटलं रुसलाय. तो मला करून दाखवत होता.”

बाहेरचं बेसूर गाणं संपून टाळ्या वाजल्या. नानायनं वर्तमानपत्राच्या कडा उचलून पाला एकत्र केला. बंदरावर दोन रांगा होत्या, तिनं सांगितलं. एक जहाजाकडं जाणारी, एक बाजूला, बायकांची आणि ठेवून घ्यायच्या पोरांची. अमेरिकन साहेब, आणि त्याच्याबरोबर दुभाष्या. त्याच्या अंगावर अमेरिकन वर्दी आणि चेहरा चक्क जपानी. हारुएला त्याच्याकडं बघून वाटलं, हा आपल्यापैकीच कुणीतरी सोंग घेऊन उभा आहे, आपल्यासारखाच. साहेबाला संशय आला. त्यानं दुभाष्याला काही सांगितलं. दुभाष्यानं पोरीला पाठमोरं उभं केलं, समुद्राकडं पाठ, आईचा हात धरून, आणि जहाजाच्या रांगेतून बापाला बाहेर काढून म्हणाला, हिला हाक मार.

“मारली?”

“मारली. घरी जेवायला बोलवायचा तशी. मी आईच्या माळेतले मणी बघत होते. लाल, पिवळा, लाल. मग साहेब काहीतरी बोलला, आणि बापानं दुसऱ्यांदा हाक मारली.” नानायचा हात पाल्यावर थांबला. “पायाशी साप असला की मारतात ना, तशी. ती त्यानं कधीच शिकवली नव्हती. सगळ्या हाका शिकवल्या, ती एक नाही. कदाचित त्यालाही माहीत नव्हतं की तशी मारावी लागेल. आईनं माझ्या तळहातात नखं रुतवली. मी मणी बघत राहिले.”

 मारिविकला वाटलं की आपण त्या काचेच्या खोलीत बसलो आहोत, सगळं जग बंद झालंय आणि एक बारीक सूर कानात येतोय, आणि बोट वर करायचं नाही असं आपल्याला सांगितलंय.

“मग तो दुभाष्या माझ्याजवळून गेला. जाता जाता, ओठ न हलवता, जपानीत म्हणाला, ‘शहाणी पोर.’ तीसुद्धा परीक्षा होती की दया आली त्याला, मला अजून कळलेलं नाही. मी त्याचंही ऐकलं नाही असं दाखवलं. त्यानं साहेबाला मान हलवून नाही म्हणून सांगितलं. मग जहाजाचा भोंगा झाला. आम्ही तशाच उभ्या.”

“आणि जहाज गेल्यावर? तेव्हा तरी बघितलंस?”

“नाही.” नानायनं प्रथमच मारिविककडं सरळ पाहिलं, जरा नवल वाटल्यासारखं, की ही एवढी शिकलेली पोरगी आणि हिला एवढं कसं कळत नाही. “आता वळ, असं कुणी सांगितलंच नाही.”

 मारिविकच्या डोक्यात एकाएकी दुसराच एक माणूस चालत आला होता. तिचा बाप, क्रिस्पुलो, सुतार, खांद्यावर करवतीची पिशवी. ताताय बाजारात यायचा तेव्हा गाळ्यामागच्या जवळच्या गल्लीनं कधी यायचा नाही. सगळा मासळीबाजार तुडवत, चिखलातून वळसा घालून समोरून यायचा, आणि मगच बोलायचा. एकदा शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला. नानाय हाकेच्या अंतरावर पाठमोरी, आपटून आपटून कपडे धूत होती. त्यानं हाक मारली नाही. तसाच जमिनीवर पडून राहिला, ती आपण होऊन उठून वळेपर्यंत. शेजारी कित्येक वर्षं त्याची नक्कल करून हसायचे. ‘बायकोला हाक मारायलाही घाबरतो!’ तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

“तातायला माहीत होतं,” मारिविक म्हणाली. ते विचारणं नव्हतंच.

“लग्नाआधीच सांगितलं. त्याच्या बापाचं काय झालं ते मला कळलं होतं ना. म्हटलं, चर्चमध्ये उभं राहून फसवायचं नाही. गावच्या विहिरीपाशी सांगितलं. तो उठून गेला. मला वाटलं संपलं. बरेच दिवस आला नाही. मग एकदा आला, असा समोरून, आणि म्हणाला, ‘त्या वेळी तू केवढी होतीस?’ म्हटलं, नऊ वर्षांची. म्हणाला, ‘मीही तेवढाच होतो.’ एवढंच. मग म्हणाला, ‘माझ्या आईला सांगू नकोस. तिला ते पेलायचं नाही. आपण दोघं पेलू.’”

“आणि लोला थुंकायला लावायची तेव्हा?”

“मीही थुंकायचे. तुझा बाप माझ्या पलीकडं उभा राहायचा आणि माझा हात धरायचा. तुला वाटायचं काय लाडीगोडी चाललीय थडग्यापाशी. मेणबत्ती त्याच्या बापाची होती, पण मी आपली माझ्या बापासाठीही तीच धरायचे. एका ज्योतीत दोन माणसं मावतात.”

मारिविक उठून मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि हात धुवायचे सोडून नुसती पाण्याकडं बघत राहिली. तिला रडू येत नव्हतं. एखाद्या फार उंच गोष्टीच्या पायथ्याशी आपण जन्मभर राहिलो, तिच्याच सावलीत वाढलो, शाळेत गेलो, भांडलो, आणि वर बघायचं राहूनच गेलं, असं काहीतरी तिला वाटत होतं. आपो पर्वत ढगात असला की शहराला त्याचा विसर पडतो तसा. मागून नानायचा आवाज आला, “पाणी बंद कर. आणि भाताचं बघ, करपेल.”

दावावमध्ये जपान्यांच्या नातवंडा-पतवंडांची एक संघटना आहे, तिचं छोटंसं ऑफिस आहे, हे मारिविकला ऐकून माहीत होतं. तिथं जाऊ या का, असं तिनं आडवळणानं सुचवलं तेव्हा नानाय म्हणाली, “मला कुठं जायचंय या वयात जपानला?” आणि आठवड्यानं स्वतःच म्हणाली, “त्या लोकांना विचार, ओकिनावात माएशिरोंचं कुणी आहे का. मी येणार नाही.” मारिविकनं विचारलं. तिथं चिनात्सु नावाची ओकिनावाची एक तरुण शिक्षिका होती. तोडकीमोडकी बिसाया बोलायची आणि प्रत्येक वाक्यानंतर स्वतःच माफी मागायची. तिनं गावी फोन केले, कुणीतरी कुणाला विचारलं, आणि पाऊस ओसरून थंड वारे सुटायच्या सुमाराला उत्तर आलं. जिन्तारो गावी पोचला होता. तापानं खंगलेला होता, फार जगला नाही. त्याची एक पुतणी अजून हयात होती. तिला तो आठवत होता: अबोल काका, दोर वळून द्यायचा, दावावबद्दल विचारलं की म्हणायचा, तिकडं माझं कुणी नव्हतं. मूलबाळ? नाही, पुतणीनं ठामपणे सांगितलं, काकाला मूलबाळ नव्हतं.

हे नानायला कसं सांगावं, याचा मारिविकनं रस्ताभर विचार केला. शेवटी पुढ्यात बसून, जसं ऐकलं तसं सांगून टाकलं. नानायचा चेहरा पडला नाही. तिनं ऐकलं, शेवटचं वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. त्याला अभिमानाखेरीज दुसरं नाव मारिविकला सुचेना.

“मरेपर्यंत सांगितलं नाही,” ती म्हणाली. “पक्का निघाला. मला वाटायचं, तिकडं जाऊन कच्चा पडला असेल.” आणि थोड्या वेळानं, “तुझी ती बाई शिकवते म्हणालीस ना? मोठ्या माणसांना पण?”

त्या शनिवारी सकाळी मारिविक तिला घेऊन गेली. एका लांब खोलीत फळा, भिंतीवर मुलांची चित्रं, आणि मधे सगळ्या मापांच्या खुर्च्या. वर्ग अजून भरायचा होता. चिनात्सुनं अदबीनं नानायला बसवलं, पाणी दिलं आणि जपानीत सावकाश काहीतरी विचारलं, बहुधा येताना त्रास नाही ना झाला, असलं काही. नानायनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मग ते यायला लागलं. आधी एकेक शब्द, मग दोन-दोन, मग धबधब्यासारखं. हातवारे, डोळे मोठे, मधेच श्वास घ्यायला थांबणं, ‘आणि मग, आणि मग’ असंच काहीतरी म्हणून पुढं धावणं. मारिविकनं हा आवाज कधीच ऐकला नव्हता. तिच्या आईच्या आवाजाहून तो वरच्या पट्टीतला होता. चिनात्सुनं दोन्ही हात तोंडावर घेतले होते. नानाय दम खायला थांबली तेव्हा ती मारिविककडं वळली आणि माफी मागायला विसरून म्हणाली, “तुमच्या आई... लहान मुलीसारख्या बोलतात. म्हणजे अगदी लहान मुलगीच. आणि शब्द कुठले तर माझ्या पणजीचे. असं आता कुणी बोलत नाही. कुणालाच येत नाही.”

“काय सांगतायत?”

“शाळेतलं. कुणीतरी यांची खडूची पेटी घेतली आणि दिली नाही.”

मारिविकला हसू आलं आणि ते मधेच कुठंतरी अडकलं. म्हणजे ती भाषा वाढलीच नव्हती. ती नऊ वर्षांची झाली आणि तिथंच, आत, शब्दही न काढता बसून राहिली. तिच्याभोवती लग्न झालं, भाजीचा गाळा झाला, लोलाचं अंथरूण झालं, तातायची शवपेटी झाली, आणि आत ती पोर जशीच्या तशी, खडूची तक्रार घेऊन, आपली पाळी येण्याची वाट बघत. तिच्याशी आजवर कुणी बोललंच नव्हतं. नानाय पुन्हा सुरू झाली होती. खुर्ची उंच होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि ते बोलण्याबरोबर पुढं-मागं हलत होते. कुठल्याशा शब्दाला ती अडखळली. चिनात्सुनं तो हळूच दुरुस्त करून दिला. नानायनं तो तिच्यामागून म्हटला, चुकला, पुन्हा म्हटला, बरोबर आला, आणि तळव्यानं तोंड झाकून ती खुदकन हसली.

इतर मंडळी एकेक करून येऊन बसली. चिनात्सुनं फळ्यावर काहीतरी लिहिलं. मारिविकला तिथं बसायला जागा होती, पण ती बसली नाही. नानायची छत्री, पिशवी आणि दाराशी काढून ठेवलेल्या चपला उचलून ती बाहेरच्या व्हरांड्यात गेली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि वर्ग सुटायची वाट बघू लागली.